आभाळातला पाठलाग

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्याला एका गोष्टीची सवय होते. वर्गात एक भाषा, बाजारात दुसरी, घरात तिसरी. मुलेही तशीच असतात. पुस्तकातला शब्द उर्दूतून वाचतात आणि त्याचा अर्थ मराठीतून लावतात. त्यातून कधी हसू येते, तर कधी आमच्यासारख्या बी.एड. झालेल्या माणसालाही अडवणारा सवाल उभा राहतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आठवीच्या वर्गात डेप्युटी नजीर अहमद यांच्याविषयी सांगत होतो. 'मिरातुल उरूस' ही त्यांची कादंबरी १८६९ ची. तिच्या पाठोपाठ, १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला, 'बनातुन्नअश' आली. लाडावलेली, श्रीमंत घरची हुस्नआरा असगरीच्या मकतबमध्ये येते आणि गोष्टींतून, गप्पांतून भूगोल, विज्ञान, घरसंसार असे सगळे शिकते. मुलींच्या शिक्षणासाठी लिहिलेले ते पुस्तक आहे. आम्ही फळ्यावर नाव लिहिले आणि एका मुलीने विचारले, "सर, नाश म्हणजे तोच ना, सत्यानाश मधला?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. मग सांगितले, "नाही बेटा. हा अरबी शब्द आहे, नअश. म्हणजे मय्यत, किंवा मय्यत ठेवतात ती तिरडी, जनाजा. बनात म्हणजे मुली. बनातुन्नअश म्हणजे जनाजाच्या मुली. आभाळात सात तारे असतात ना, सप्तर्षी, त्यांना अरब लोक या नावाने ओळखत. चार तारे म्हणजे जनाजा आणि मागचे तीन तारे म्हणजे त्याच्या मागून चालणाऱ्या मुली."

ती मुलगी बसली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "पण सर, मय्यतीच्या मागे मुली कुठे जातात? आपल्याकडे तर फक्त मर्द जातात."

या सवालाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही घाईने पुढचा मुद्दा घेतला. पण सवाल डोक्यातून गेला नाही. त्या मुली जनाजाच्या मागे का चालतात हे शोधायला आम्ही निघालो आणि बघता बघता अरबस्तानातून सैबेरियात, तिथून अमेरिकेत आणि फिरून आपल्याच गावच्या अंगणात येऊन पोहोचलो.

अरबांच्या लोककथेत त्या मुली नुसत्या रडत चाललेल्या नाहीत. त्यांच्या बापाचा, म्हणजे नअशचा, खून झाला आहे. खुनी आहे जदी, म्हणजे आपला ध्रुवतारा. बापाचा जनाजा घेऊन या मुली रोज रात्री खुन्याभोवती फिरतात, बदला घेण्यासाठी. शेवटच्या ताऱ्याचे नाव 'काइद', म्हणजे पुढारी. आजही जगभरचे खगोलशास्त्रज्ञ त्याला 'अल्कैद' म्हणतात. मुली रोज फिरतात, पण खुनी हाती लागत नाही, कारण ध्रुव जागचा हलत नाही आणि त्यांची वाट त्याच्याभोवतीच गोल जाते. गंमत अशी की वाळवंटात वाट शोधणारा आणि किबल्याची दिशा ठरवणारा माणूस याच जदीकडे बघत असे. ज्याला गोष्टीने खुनी ठरवले त्यानेच वाटसरूंना रस्ता दाखवला.

म्हणजे तो जनाजा नुसता जनाजा नव्हता, तो पाठलाग होता. हे लक्षात आल्यावर आम्ही अरबांच्या बाकीच्या ताऱ्यांकडे पाहिले, तर जिकडे तिकडे पाठलागच दिसू लागला. कृत्तिकांना अरब सुरैया म्हणतात. तिच्या मागून उगवणारा तांबूस तारा दबरान, म्हणजे 'मागून येणारा'. तो सुरैयाशी लग्न करायला निघालेला आशिक आहे. मेहेर म्हणून उंटांचा कळप हाकत तो तिच्या मागे मागे फिरतो. दक्षिणेकडचा सुहैल, म्हणजे आपला अगस्ती, जौजा नावाच्या आपल्या नवरीला इजा करून पळाला. मग शिअरा नावाची बहीण आकाशगंगा ओलांडून त्याच्या मागे गेली. म्हणून तिचे नाव अबूर, 'पार गेलेली'. दुसरी बहीण अलीकडेच राहिली आणि रडून रडून तिची नजर अधू झाली. ही गुमैसा. हा शिअरा तोच, ज्याचा उल्लेख कुरआन शरीफच्या सूरे नज्ममध्ये आहे. काही अरब त्याची पूजा करत, म्हणून तिथे स्पष्ट केले आहे की शिअराचाही रब अल्लाहच आहे.

आणखी एक पाठलाग आहे, आणि तो खरोखर शिकारीचा आहे. सप्तर्षींच्या खाली ताऱ्यांच्या तीन जोड्या आहेत. अरब त्यांना 'हरणांच्या उड्या' म्हणत. पहिली उडी, दुसरी उडी, तिसरी उडी. जवळच सिंह आहे. सिंहाने शेपटी आपटली तशी हरणे बिचकली आणि तीन उड्या मारत हौदाकडे पळाली. आजच्या नकाशांवर या ताऱ्यांची नावे अलुला, तानिया आणि तालिथा अशी आहेत. ती 'पहिली', 'दुसरी', 'तिसरी' या अरबी शब्दांचीच बदललेली रूपे आहेत.

या गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचल्या त्यात एका माणसाचा मोठा वाटा आहे. अब्दुर्रहमान अस्सूफी. जन्म ९०३ मध्ये, इराणातल्या रय शहरात. त्यांनी ९६४ च्या सुमारास 'स्थिर ताऱ्यांचा ग्रंथ' लिहिला. त्याआधी, नवव्या शतकात, टॉलेमीचा ग्रीक ग्रंथ अरबीत आला होता. ग्रीकांचे आकाश वेगळे. जिथे अरबांना जनाजा दिसे तिथे ग्रीकांना अस्वल दिसे. अस्सूफींपुढे दोन आकाशे होती, एक यवनांच्या पुस्तकातले आणि एक बद्दूंच्या तोंडचे. त्यांनी काय केले? प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रे काढली, एक जमिनीवरून दिसते तसे आणि एक गोलावर दिसते तसे. टॉलेमीच्या नोंदी स्वतः तपासून चुका दुरुस्त केल्या. आणि ग्रीक आकृतीच्या शेजारी अरबांची नावेही लिहून ठेवली. एकाला खरे ठरवण्यासाठी दुसऱ्याला पुसून टाकले नाही. म्हणून आज सप्तर्षींच्या एका ताऱ्याचे नाव 'दुभे' आहे, जे अरबी 'दुब्ब' म्हणजे अस्वल यावरून आले, आणि दुसऱ्याचे 'अल्कैद', जे जनाजाच्या मुलींवरून आले. एकाच समूहात दोन गोष्टी गेली हजार वर्षे शेजारी नांदत आहेत.

आता या अस्वलाच्या मागावर जाऊ.

ग्रीकांची गोष्ट अशी. कॅलिस्टो नावाची तरुणी झ्यूस देवाच्या नजरेस पडली. तिला मूल झाले. मत्सरी राणीने तिला अस्वल बनवले. मुलगा आर्कस मोठा होऊन शिकारी झाला आणि एक दिवस रानात त्याने आपल्या आईवरच भाला उगारला. त्या क्षणी झ्यूसने दोघांना उचलून आभाळात ठेवले. रोमन कवी ओव्हिडने पहिल्या शतकाच्या सुरुवातीला ही कथा सविस्तर सांगितली. तिच्यात राणीचा राग इथेही संपत नाही. ती समुद्राला सांगते की या अस्वलाला तुझ्या पाण्यात उतरू देऊ नकोस. कारण ग्रीसमधून पाहिले तर हे तारे जवळजवळ मावळत नाहीत.

इथवर आम्हाला वाटले की ही ग्रीकांची कल्पना असेल आणि पुस्तकांतून पसरली असेल. पण १६४३ मध्ये रॉजर विल्यम्स या इंग्रजाने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने नोंदवले की हे लोक त्याच ताऱ्यांना आपल्या भाषेत अस्वल म्हणतात. अटलांटिक पलीकडच्या रानातल्या लोकांना टॉलेमी कुणी शिकवला?

पुढे १९०० मध्ये स्टॅन्सबरी हॅगर या अभ्यासकाने कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मिकमॅक लोकांची गोष्ट छापली. चौकोनातले चार तारे म्हणजे अस्वल. मागचे तीन आणि त्यामागचे आणखी काही तारे म्हणजे सात शिकारी, सगळे पक्षी. वसंतात अस्वल गुहेतून बाहेर येते आणि शिकारी मागे लागतात. उन्हाळाभर पाठलाग चालतो. मागचे शिकारी एकेक करून वाट चुकतात. शरदात अस्वल मागच्या पायांवर उभे राहते आणि रॉबिन पक्षी त्याला बाण मारतो. रक्त उडून पक्ष्याची छाती लाल होते आणि खाली रानातली पानेही लाल होतात. मधल्या शिकाऱ्याजवळ एक बारीक तारा आहे. ते मांस शिजवायचे भांडे. हिवाळाभर अस्वलाचा सांगाडा उताणा पडून राहतो, पण त्याचा जीव दुसऱ्या अस्वलात जातो आणि वसंतात पुन्हा तीच धाव.

ही गोष्ट नुसती कल्पना नाही, ते पंचांग आहे. त्या अक्षांशावर वर्षभर रोज संध्याकाळी उत्तरेकडे पाहिले तर सप्तर्षी खरोखरच वसंतात वर चढलेले, शरदात क्षितिजाकडे उतरलेले दिसतात. ज्यांच्याकडे कॅलेंडर नव्हते त्यांनी आभाळातली शिकार पाहून ऋतू मोजले.

आणि एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. अस्वलाला लांब शेपटी नसते. ग्रीकांनी मागचे तीन तारे शेपटी मानले आणि विचित्र, लांब शेपटीचे अस्वल तयार झाले. अमेरिकेतल्या शिकारी लोकांना अस्वल ठाऊक होते. त्यांनी तीन ताऱ्यांना शेपटी नाही, शिकारी मानले. युरोपियनांकडून उसने घेतले असते तर शेपटीही आली असती.

मग दुवा कुठला? उत्तर सैबेरियात सापडते. तिथल्या एवेंकी लोकांच्या कथेत हेग्लेन नावाचे सांबराच्या जातीचे मोठे जनावर सूर्य शिंगांवर घेऊन पळते आणि पृथ्वीवर अंधार होतो. शिकारी स्कीवरून, म्हणजे बर्फावर घसरायच्या लाकडी पट्ट्यांवरून, पाठलाग करतो, त्याला गाठतो आणि सूर्य परत आणतो. खांती लोकांच्या कथेत त्या जनावराला सहा पाय असतात. शिकारी दोन पाय तोडतो, तेव्हापासून ते चार पायांचे झाले. शिकाऱ्याच्या स्कीची बर्फातली खूण म्हणजे आकाशगंगा. सैबेरियाच्या काही जमातींत चौकोन म्हणजे जनावर, तीन तारे म्हणजे शिकारी आणि तो बारीक तारा म्हणजे शिकाऱ्याचा कुत्रा किंवा भांडे. तेच भांडे, जे मिकमॅक लोकांकडे आहे.

१९६४ मध्ये विल्यम गिबन या अमेरिकन अभ्यासकाने हे आशियाई साम्य दाखवले. २००५ मध्ये रशियाचे युरी बेर्योझ्किन यांनी सैबेरिया आणि उत्तर अमेरिकेतली रूपे शेजारी ठेवून सांगितले की ही गोष्ट माणसांबरोबर चालत गेली. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती आणि सैबेरिया व अलास्का यांच्यामध्ये कोरडी जमीन होती. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी ती पाण्याखाली गेली. गोष्ट त्याआधी पलीकडे गेली असेल, तर ती पहिल्या शहराहून, पहिल्या लिपीहून, पहिल्या शेताहून जुनी ठरते. फ्रान्सचे ज्युलियन द्युई यांनी तर जीवशास्त्रज्ञ प्राण्यांची वंशावळ काढतात तशी या कथेची वंशावळ काढली. २०१६ मध्ये त्यांनी मांडले की ४७ रूपे आणि ९३ कथाघटक तपासल्यावर कथेचे मूळ १५ हजार वर्षांहून मागे जाते.

यावर आक्षेप आहेत आणि ते आम्हाला योग्य वाटतात. वंशावळीत गुण आईबापांकडून येतात, पण गोष्ट शेजाऱ्याकडूनही येते, व्यापाऱ्याकडूनही येते. दुसरा आक्षेप साधा आहे. आभाळ फिरते. कृत्तिका पुढे, दबरान मागे, हा क्रम कधी बदलत नाही आणि अंतरही कमी होत नाही. कुणीही, कुठेही, असे दोन तारे पाहून म्हणेल की हा त्याच्या मागे लागला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या नामा लोकांना मृगातले तीन तारे तीन झेब्रे दिसतात. शिकाऱ्याचा बाण चुकला, बाणापाशी सिंह बसला, आणि तो बिचारा घरीही परतू शकत नाही. मंगोलियात तेच तीन तारे तीन हरणी आहेत. पाठलाग सुचायला नाते लागत नाही. पण चौकोनात जनावर, मागे तीन शिकारी आणि मधल्याच्या कुशीतल्या अंधुक ताऱ्याला भांडे, एवढे सगळे योगायोगाने दोन खंडांत जुळणे अवघड आहे. आमच्या अल्पमतीला वाटते की दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. पाठलाग सगळ्यांना सुचतो. एखादा विशिष्ट पाठलाग मात्र वारशाने येतो.

आता आपल्या अंगणात येऊ. मृग, व्याध आणि रोहिणी ही नावे मराठी माणसाला नवी नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागला की गावातला शेतकरी, मग तो पाटील असो की पटेल, पेरणीच्या तयारीला लागतो. या नावांमागची कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे. प्रजापतीला स्वतःच्या मुलीचा मोह पडला. तो हरिण झाला, ती हरिणी होऊन पळाली. देवांनी आपली सगळी उग्र रूपे एकत्र करून एक शिकारी घडवला. त्याने बाण मारला. विद्ध हरिण आभाळात चढले, तो मृग. मारणारा व्याध. मुलगी रोहिणी. मृगाच्या पोटातले तीन तारे म्हणजे तीन पेरांचा बाण. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये 'ओरायन' ग्रंथात याच कथांच्या आधारे वेदांचा काळ इसवीसनापूर्वी ४००० च्या आसपास नेला. त्यांची कालगणना आजचे बहुतेक इतिहासकार मान्य करत नाहीत, पण लोककथेत प्राचीन आभाळाची आठवण साठून असू शकते, हा सवाल त्यांनी गांभीर्याने घेतला.

आम्हाला थबकवणारी बाब वेगळीच होती. आपली रोहिणी आणि अरबांचा दबरान हा एकच तारा आहे. आपल्याकडे ती पळणारी मुलगी आहे, अरबांकडे तो मागे लागलेला आशिक. आपला व्याध हाच अरबांचा शिअरा. इथे बाण मारणारा शिकारी, तिथे नदीपार गेलेली बहीण. तारा तोच. कोण पळते आणि कोण पाठलाग करते हे खाली उभ्या असलेल्या माणसाने ठरवले.

आणि सप्तर्षी? आमची दादी त्यांना सप्तर्षी म्हणत नसे, बनातुन्नअशही म्हणत नसे. तिला अक्षरओळख नव्हती. उन्हाळ्यात अंगणात झोपलो की ती बोट दाखवून सांगे, "ती बघ म्हातारीची बाज. आणि ते तीन चोर, बाज चोरायला आलेत." चार तारे बाजेचे चार खूर, मागे तीन चोर. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत सगळ्या जातीधर्मांत आहे. विदर्भातल्या गोंडांकडेही बाज आणि चोर आहेत. आम्ही मोठे झालो, उर्दू शिकलो आणि कळले की अरबांनी तिथे जनाजा पाहिला. पण जनाजा तरी काय? चार खुरांची बाजच ना, शेवटची. दादीला अरबी येत नव्हती आणि बद्दूला मराठी. तरी दोघांना त्या चौकोनात माणूस आडवा होतो ती जागा दिसली.

आमचे एक सहकारी म्हणाले, "या गोष्टी मुलांना कशाला? नुजूम आपल्याकडे मना आहे." त्यांचा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. पाऊस अमुक ताऱ्याने पाडला असे मानू नये, अशी शिकवण हदीसमध्ये हुदैबियाच्या प्रसंगी आलेली आहे. मृगाने पाऊस दिला असे म्हणणाऱ्या आमच्या शेतकऱ्यालाही ती लागू आहे. पण ताऱ्याकडून नशीब मागणे वेगळे आणि ताऱ्याकडे बघून आपले पूर्वज काय बोलले हे जाणणे वेगळे. अस्सूफींनी जे लिहिले ते भविष्य नव्हते, इल्म होते.

आम्हाला जास्त चिंता दुसरी आहे. आमच्या मुलांना एकीकडून सांगितले जाते की तुमचे सगळे बाहेरचे आहे. दुसरीकडून सांगितले जाते की इथले काही तुमचे नाही. मधे उभे असलेले मूल दादीची बाज विसरते आणि बनातुन्नअशही त्याला परीक्षेपुरते उरते. त्याला हे सांगायला हवे की दोन्ही आभाळे तुझी आहेत. अस्सूफींनी दोन चित्रे काढली तशी तूही काढ.

त्या मुलीच्या सवालाचे उत्तर आता आमच्याकडे थोडेफार आहे. बेटा, त्या मुली मय्यतीच्या मागे चालतात कारण बापाचा हिशेब त्यांना मागायचा आहे आणि तो त्यांनी दुसऱ्या कुणावर सोपवलेला नाही. हे सांगायला उशीर झाला. दहावीनंतर तिचे शिक्षण थांबले. घरच्यांना वाटले, एवढे पुरे. आम्ही एकदा घरी जाऊन बोललो, दुसऱ्यांदा जायला हवे होते, गेलो नाही. नजीर अहमद यांच्या पुस्तकाला दीडशे वर्षे होऊन गेली आणि आम्ही अजून उंबऱ्यापाशीच उभे आहोत.

गेल्या उन्हाळ्यात मुलांना शाळेच्या गच्चीवर नेले. उत्तरेकडे तोंड करून उभे केले आणि विचारले, "काय दिसते?" कुणी पतंग म्हणाले, कुणी डाव म्हणाले. एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आमची नानी याला बाज म्हणते." आम्ही तिला पुढे बोलावले आणि म्हणालो, "सांग, सगळ्यांना सांग." तिने सांगितले. मग आम्ही जनाजाची, अस्वलाची आणि भांडे घेऊन धावणाऱ्या पक्ष्याची गोष्ट सांगितली. खाली उतरताना ती मुलगी विचारत होती की यातली खरी कोणती.

या वेळी आम्ही पुढचा मुद्दा घेतला नाही. जिन्यातच थांबलो आणि बोलत राहिलो.